कठीण विषय की जास्त गुण? बगरूतच्या युनिटांचा हिशेब



कितात तेत, म्हणजे आपली नववी, संपत आली की बऱ्याच घरांत शाळेकडून एक कागद येतो. मुलाने पुढे गणित किती युनिटांचे घ्यावे, इंग्रजीच्या कोणत्या गटात बसावे, मेगामा म्हणजे मुख्य विषय कोणता निवडावा, अशी शिफारस त्यावर असते आणि खाली पालकांच्या सहीसाठी जागा असते. पुष्कळ आईबाप तो कागद वाचतात, मुलाला विचारतात, "तुला काय वाटतं?" आणि सही करून परत पाठवतात. बँकेच्या कागदावर आपण इतक्या चटकन सही करीत नाही. पण मुलाला पुढे विद्यापीठात कोणते शिक्षण घेता येईल, याचा बराचसा निर्णय या एका कागदावर होऊन जातो.

अशा वेळी आपल्या समाजात दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, "कठीण घेऊन सत्तर पडण्यापेक्षा सोपे घेऊन पंचाण्णव मिळवलेले काय वाईट?" दुसरे म्हणते, "शेजारचा मुलगा खमेश करतो, मग आपला का नाही?" खमेश म्हणजे पाच, अर्थात पाच युनिटांचे गणित. पहिले मत भीतीतून आले आहे आणि दुसरे ईर्षेतून. दोघांनीही कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केलेला नाही. तो हिशेब या लेखात आम्ही फळ्यावर मांडावा तसा मांडणार आहोत. गणित पाचवीचेच आहे, कोणी घाबरू नये.

१. आपले टक्के आणि इथले युनिट

आपल्यापैकी जे भारतात शिकले, त्यांच्या डोक्यात परीक्षा म्हटले की टक्के येतात. ३५ ला पास, ६० ला फर्स्ट क्लास, ७५ ला डिस्टिंक्शन. महाराष्ट्रात १९७५ साली जुन्या अकरावीच्या जागी दहावीची एस.एस.सी. आली, तरी टक्क्यांची ही सवय गेली नाही. सर्व विषयांची बेरीज करायची आणि टक्के काढायचे. म्हणून ज्या विषयात गुण चांगले पडतात तो 'स्कोअरिंग' विषय घ्यावा, हे शहाणपण आपण शिकलो. संस्कृत घेणारी कित्येक मुले कालिदासासाठी नव्हे, तर गुणांसाठीच ते घेत असत.

इस्राएलच्या बगरूत परीक्षेत हे शहाणपण जसेच्या तसे चालत नाही. इथे विषयाला वजन असते. त्या वजनाला येहिदत लिमूद म्हणतात, अनेकवचनी येहिदोत. आपण त्याला सरळ युनिट म्हणू. एकच विषय ३, ४ किंवा ५ युनिटांचा घेता येतो. युनिट वाढले की अभ्यास खोल होतो, तास वाढतात आणि प्रश्नपत्रिका अवघड होते. पण त्याबरोबर त्या विषयाचे सरासरीतले वजनही वाढते.

बगरूत प्रमाणपत्रासाठी किमान २१ युनिट लागतात आणि त्यांत निदान एक विषय ५ युनिटांचा असावा लागतो. तनाख, हिब्रू भाषा, साहित्य, इतिहास, नागरिकशास्त्र, इंग्रजी आणि गणित हे ज्यू शाळांतले नेहमीचे सक्तीचे विषय. गणित आणि इंग्रजी किमान ३ युनिटांचे घ्यावेच लागते. ५५ गुणांना विषय उत्तीर्ण होतो. मात्र प्रमाणपत्र मिळणे ही एक गोष्ट आणि त्या प्रमाणपत्रावर हव्या त्या विभागात प्रवेश मिळणे ही दुसरी. तीन-तीन युनिटांचे प्रमाणपत्रही प्रमाणपत्रच असते, पण ते पाहून सगळेच विभाग प्रवेश देतात असे नाही.

२. बोनस म्हणजे काय?

विद्यापीठे मुलाच्या बगरूतची सरासरी स्वतःच्या पद्धतीने काढतात. प्रत्येक विषयाच्या गुणांत, तो वरच्या पातळीचा असेल तर, जादा गुण मिळवतात. यालाच बोनस म्हणतात. बहुतेक विद्यापीठांत तो साधारण असा आहे:

गणित ५ युनिट: ३५ गुण जादा.
गणित ४ युनिट: १२.५ गुण जादा.
इंग्रजी ५ युनिट: २५ गुण जादा.
इंग्रजी ४ युनिट: १२.५ गुण जादा.
पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र, इतिहास, साहित्य, तनाख असे विषय ५ युनिटांचे घेतल्यास पुष्कळ ठिकाणी २५, आणि ५ युनिटांच्या इतर विषयांना २० गुण जादा.
३ युनिटांच्या गणिताला किंवा इंग्रजीला काहीही जादा नाही.

आणि एक अट वाचकांनी लाल शाईने अधोरेखित करावी: त्या विषयात ६० किंवा अधिक गुण असतील तरच बोनस मिळतो. ५९ ला शून्य.

गणिताला इतका मोठा बोनस का, असे कोणी विचारील. देशात ५ युनिट गणित घेणाऱ्या मुलांची संख्या घटत जाऊन २०१२ च्या सुमारास ९ हजारांच्या आसपास आली होती. इंजिनिअर, शास्त्रज्ञ आणि सैन्यातली तांत्रिक पथके यांना माणसे कमी पडतील अशी चिंता सुरू झाली. विद्यापीठांनी बोनस वाढवला. नफताली बेनेट शिक्षणमंत्री असताना २०१५ साली ५ युनिट गणितासाठी देशभर मोहीम निघाली आणि काही वर्षांत ही संख्या दुपटीच्या आसपास गेली. थोडक्यात, हा बोनस म्हणजे मुलांना वरच्या वर्गात बसवण्यासाठी मुद्दाम दिलेले प्रलोभन आहे. प्रलोभन देणारा आपला हिशेब करूनच देतो. घेणाऱ्यानेही तसाच करावा.

३. पाटीवरचे उदाहरण

समजा एक विद्यार्थिनी आहे. तिचे गुण असे:

तनाख ८५, हिब्रू ८०, साहित्य ८५, इतिहास ८०, नागरिकशास्त्र ९०. हे पाचही विषय २ युनिटांचे.
इंग्रजी ५ युनिट, गुण ८०.
जीवशास्त्र ५ युनिट, गुण ८५.

आता गुणाकार करू. पहिल्या पाच विषयांची बेरीज ४२०, गुणिले २, म्हणजे ८४०. इंग्रजी ८० अधिक बोनस २५, झाले १०५. गुणिले ५, म्हणजे ५२५. जीवशास्त्र ८५ अधिक २५, झाले ११०. गुणिले ५, म्हणजे ५५०. एकूण २० युनिटांचे १९१५.

राहिले गणित. तिच्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली वाट: ५ युनिट घेऊन ७२ गुण. बोनससह १०७. गुणिले ५, म्हणजे ५३५. एकूण २४५०, भागिले २५ युनिट. सरासरी ९८.

दुसरी वाट: ४ युनिट घेऊन ९० गुण. बोनससह १०२.५. गुणिले ४, म्हणजे ४१०. एकूण २३२५, भागिले २४. सरासरी ९६.९.

तिसरी वाट: ३ युनिट घेऊन ९५ गुण. बोनस नाही. गुणिले ३, म्हणजे २८५. एकूण २२००, भागिले २३. सरासरी ९५.७.

म्हणजे कठीण गणितातले ७२ हे सोप्या गणितातल्या ९५ पेक्षा सरस ठरले. भीतीने बोलणाऱ्यांचे मत इथे हरले. पण ईर्षेने बोलणाऱ्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. फरक पाहा: पहिल्या आणि दुसऱ्या वाटेत एका गुणाहून थोडे जास्त अंतर आहे, इतकेच. आता तिला ५ युनिटांत ७२ च्या जागी ६७ पडले तर सरासरी ९७ होते, अजूनही किंचित पुढे. ६६ पडले तर ९६.८, म्हणजे दुसरी वाट पुढे गेली. ६० पडले तर ९५.६, म्हणजे ३ युनिटांत ९५ मिळवणारी तिच्या बरोबरीला आली. आणि ५५ पडले, तर बोनस गेला, सरासरी ८७.६ वर कोसळली.

या मुलीसाठी, ४ युनिटांत ९० मिळत असतील तर, सीमारेषा ६७ वर आहे. प्रत्येक मुलाची रेषा वेगळी असते, पण ती काढण्याची रीत हीच. आपल्या मुलाचे आकडे घाला आणि त्याची रेषा शोधा. ती रेषा कळली की वाद निम्मा संपतो.

४. बोनस फुकट मिळत नाही

वरच्या हिशेबात एक गोष्ट आम्ही मुद्दाम बाजूला ठेवली होती. दिवसाचे तास चोवीसच असतात. ५ युनिटांच्या गणिताला शाळेत जादा तास असतात, आणि घरी रोजचा सराव हवा. गणित एक दिवस सोडले की दोन दिवसांचे मागे पडते. हा वेळ कुठून तरी येतो. तो झोपेतून, खेळातून किंवा दुसऱ्या विषयांतून येतो.

समजा त्याच मुलीने गणितात ७२ मिळवले, पण त्या धावपळीत तिचे इंग्रजी ८० वरून ७० वर आणि जीवशास्त्र ८५ वरून ७५ वर आले. आता इंग्रजीचे ४७५, जीवशास्त्राचे ५००, गणिताचे ५३५ आणि इतरांचे ८४०. एकूण २३५०, भागिले २५. सरासरी ९४. ३ युनिट गणित घेतले असते तर यापेक्षा जास्त झाली असती!

हे उदाहरण प्रत्येक पालकाने शांतपणे वाचावे. जिथे युनिट पाच, तिथे घसरणही पाचपट मोजली जाते. म्हणून एकाच वेळी गणित, पदार्थविज्ञान, संगणक आणि इंग्रजी सगळे पाच-पाच युनिटांचे घेण्याआधी मुलाच्या आठवड्याचे वेळापत्रक कागदावर मांडून पाहा. त्यात शब्बाथची विश्रांती, घरातले काम, नोआर चळवळ किंवा खेळ यांना जागा उरते का? उरत नसेल तर ते वेळापत्रक तीन महिनेही टिकणार नाही.

काही घरांत वाटते की जितके ५ युनिटांचे विषय जास्त, तितकी सरासरी वर. तसेही नाही. वरच्या मुलीने ७२ च्या वाटेवर असताना आणखी एक ५ युनिटांचा विषय घेतला, त्यात ७० पडले आणि बोनस २० धरला, तर त्या विषयाचे ९० होतात. तिची सरासरी ९८ असताना हे ९० तिला खाली ओढतात, ती ९६.७ होते. सुदैवाने विद्यापीठे सक्तीचा नसलेला असा विषय, किमान २० युनिट शिल्लक राहत असतील तर, हिशेबातून वगळतात. म्हणजे सरासरीचे नुकसान टळते. पण त्या विषयावर घातलेली दोन-तीन वर्षे वगळता येत नाहीत. मुलाला तो विषय मनापासून आवडत असेल तर जरूर घ्यावा. निव्वळ बोनससाठी घेऊ नये.

५. उतरणे सोपे, चढणे कठीण

मग गणिताचे काय करावे? सीमारेषेच्या जवळ असलेल्या मुलाने वर बसावे की खाली?

आमचा सल्ला असा: शंका असेल तर वर सुरुवात करावी आणि वेळेवर उतरण्याची तयारी ठेवावी. कारण ५ युनिटांच्या वर्गातून ४ च्या वर्गात येणारा मुलगा जादा शिकून आलेला असतो. त्याला खालचा भाग ओळखीचा वाटतो. ३ च्या वर्गातून ४ मध्ये किंवा ४ मधून ५ मध्ये जाणाऱ्याला मात्र वर्ग पुढे पळत असताना मागचे सगळे भरून काढावे लागते. जिन्यावरून उतरायला धाप लागत नाही.

पण उतरण्याचीही एक वेळ असते. दहावीच्या पहिल्या परीक्षेत ५५ पडले म्हणून लगेच उतरू नये. नवा वर्ग, नवा शिक्षक, नवी पद्धत, यांचा पहिला धक्का बहुतेकांना बसतो. वर्षभराच्या चाचण्या ओळीने लिहून काढाव्या. ५५, ६२, ६६ असा क्रम असेल तर मुलगा चढतो आहे. त्याला धीर द्यावा, थोडी शिकवणी द्यावी. ७०, ६२, ५४ असा क्रम असेल आणि मुलगा खरोखर अभ्यास करीत असेल, तर अकरावीची बगरूत येण्याआधी उतरावे आणि उतरताना कपाळाला आठ्या घालू नयेत. ४ युनिटांचे गणित चांगल्या गुणांनी करणारा मुलगा विद्यापीठात सन्मानाने जातो.

इथे आमच्या समाजाची एक जुनी जखम सांगितली पाहिजे. दिमोना, यरुहाम, अश्दोद, बेर शेवा, लोद, रामला या गावांत आपली कुटुंबे आली, तेव्हा मुलांची हिब्रू कच्ची होती आणि आईबाप कारखान्यात दोन-दोन पाळ्या करीत होते. अनेक मुलांना खालच्या हकबत्सांत, म्हणजे खालच्या पातळीच्या गटांत बसवले गेले. कित्येकांना धंदेशिक्षणाच्या अशा मार्गावर धाडले गेले की जिथून पूर्ण बगरूत मिळतच नसे. मुलाच्या भाषेची अडचण ही बुद्धीची अडचण समजली गेली. आईबापांनी "शाळा सांगते ते बरोबरच" म्हणून सह्या केल्या, कारण भारतात मास्तरांचा शब्द मोडायची पद्धत नव्हती. हातकामात कमीपणा मुळीच नाही; आपल्या समाजाने उत्तम फिटर, टर्नर आणि इलेक्ट्रिशियन दिले आहेत. पण जे इंजिनिअर होऊ शकले असते, त्यांना तो निवडीचा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे, तरी सातवी-आठवीची हकबत्सा अजूनही महत्त्वाची आहे, कारण दहावीचे युनिट बहुधा त्या गटावरूनच ठरतात. म्हणून विचारपूस नववीच्या शेवटी नव्हे, सातवीतच सुरू करावी. आणि "मुलगी आहे, तिला कशाला एवढं गणित" हे वाक्य तर घरात उच्चारूच नये. माझगावची इस्रायली शाळा १८७५ साली आपल्या समाजाने उभारली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली, आणि रिबेका रुबेन या विदुषीने अनेक वर्षे तिची धुरा सांभाळली. ज्या समाजाने त्या काळी एका स्त्रीच्या हाती शाळा सोपवली, त्याने आज मुलीला खालचा गट सुचवावा हे शोभत नाही.

लहान गावांत कधी ५ युनिटांच्या गणिताचा किंवा पदार्थविज्ञानाचा वर्गच नसतो. "आमच्या शाळेत सोय नाही" हे उत्तर ऐकून परत फिरू नये. अशा मुलांसाठी २०१२ साली शिक्षण खात्याच्या साहाय्याने संगणकावरून चालणारे तिखोन विर्तुआली सुरू झाले. त्याबद्दल शाळेला विचारावे.

६. घरातला ठेवा: इंग्रजी

गणितावर सगळ्यांचे डोळे असतात, पण आपल्या समाजाचा खरा फायदा इंग्रजीत आहे. पुष्कळ घरांत आजी-आजोबा इंग्रजी वाचतात, बोलतात. इतर मुले ज्यासाठी शिकवणीला पैसे भरतात, ते आपल्या मुलांना जेवणाच्या टेबलावर मिळू शकते. मात्र त्यासाठी आजोबांनी वर्तमानपत्र वाचताना नातवाला शेजारी बसवले पाहिजे. नुसते "हाऊ आर यू" पुरत नाही. परीक्षेत उतारे असतात, निबंध असतो, साहित्य असते, तोंडी परीक्षा असते.

५ युनिटांच्या इंग्रजीला २५ चा बोनस तर आहेच, पण त्याचा उपयोग तेवढ्यावर थांबत नाही. विद्यापीठातली पुस्तके बहुतांशी इंग्रजीत असतात. इंग्रजी कच्चे असलेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या अभ्यासाबरोबर इंग्रजीचे जादा वर्ग करावे लागतात. त्यांत वेळ आणि पैसा दोन्ही जातात. पसिखोमेत्री परीक्षेतल्या इंग्रजी भागात १३४ किंवा अधिक गुण मिळाले तर या वर्गांतून सूट मिळते. म्हणून आम्ही म्हणतो, मुलाला एकच विषय वरच्या पातळीवर नेण्याची ताकद असेल आणि गणितात त्याचा जीव रमत नसेल, तर तो विषय इंग्रजी असावा.

७. पसिखोमेत्री आणि विभागांच्या अटी

विद्यापीठाचा प्रवेश बहुतेक ठिकाणी बगरूतच्या सरासरीवर आणि पसिखोमेत्री परीक्षेवर मिळून ठरतो. दोन्हींचा मेळ घालून जो आकडा निघतो त्याला सेखेम म्हणतात. पसिखोमेत्रीचे गुण २०० ते ८०० असतात. त्यात भाषा, गणिती विचार आणि इंग्रजी असे तीन भाग असतात. तिथले गणित खालच्या इयत्तांचे असते. ते चटपटीतपणे सोडवावे लागते. म्हणजे ५ युनिट न घेतलेला मुलगाही तिथे चांगले गुण मिळवू शकतो. अलीकडे काही विभाग निव्वळ बगरूतच्या सरासरीवरही प्रवेश देतात. अशा ठिकाणी वर मांडलेला सगळा हिशेब अधिकच मोलाचा ठरतो.

सरासरीशिवाय विभागांच्या स्वतंत्र अटीही असतात. इंजिनिअरिंग, संगणकशास्त्र अशा अनेक विभागांना ५ युनिटांचे गणित किंवा ४ युनिटांत फार चांगले गुण हवे असतात. कुठे पदार्थविज्ञानही लागते. तिथे नुसती सरासरी उंच असून भागत नाही. उलट ज्याला समाजसेवा, शिक्षकी पेशा किंवा इतिहास शिकायचा आहे, त्याने गणितात तीन वर्षे झुरण्यापेक्षा तनाख किंवा साहित्य ५ युनिटांनी घेऊन त्यात ८५-९० मिळवणे शहाणपणाचे. म्हणून आधी मुलाला कुठे जायचे आहे ते विचारावे आणि मग वाट ठरवावी. पंधराव्या वर्षी मुलाला नक्की सांगता येत नाही, हे खरे. तेव्हा एवढेच पाहावे की ज्या दोन-तीन दिशा त्याच्या मनात आहेत, त्यांतली एकही आत्ताच बंद होऊ नये.

आणि समजा एखादी दिशा बंद झालीच, तरी हा देश दुसरी संधी देतो. बगरूतची परीक्षा पुन्हा देता येते आणि वरचा गुण धरला जातो. पुष्कळ मुले त्सावा, म्हणजे सैन्यसेवा, संपवून आल्यावर गणिताचे ३ चे ४ किंवा ४ चे ५ युनिट करतात. विद्यापीठांच्या मेखिना, म्हणजे पूर्वतयारीचे वर्ग, याचसाठी आहेत. ओपन युनिव्हर्सिटीत तर बगरूतशिवाय अभ्यास सुरू करता येतो. एकविसाव्या वर्षी मन लावून अभ्यास करणाऱ्या मुलाची समज पंधराव्या वर्षापेक्षा कितीतरी पक्की असते. पण त्यासाठी पुन्हा एक-दोन वर्षे आणि पैसे घालावे लागतात, म्हणून दुसऱ्या संधीच्या भरवशावर पहिली वाया घालवू नये.

८. सही करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

शाळेच्या योएत्सेतला, म्हणजे सल्लागार बाईंना, भेटण्याची वेळ मागून घ्यावी. हिब्रू अडत असेल तर मोठ्या मुलाला किंवा शेजाऱ्याला बरोबर न्यावे. त्यात लाज नाही. हे प्रश्न लिहूनच न्यावे:

अ) ही शिफारस कोणत्या चाचण्यांवर केली आहे? त्या आम्हाला पाहायला मिळतील का?
आ) वरच्या गटात काही महिने बसून पाहता येईल का? उतरण्याची शेवटची वेळ कोणती?
इ) खालच्या गटातून वर जाण्यासाठी काय करावे लागेल, आणि शाळा त्यात काय मदत करील?
ई) मुलाला वाचन-लेखनाची काही अडचण असेल तर तपासणी आणि परीक्षेत सवलत मिळेल का?
उ) या निवडीमुळे विद्यापीठाचे कोणते विभाग बंद होतात?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. शिवाय प्रत्येक विद्यापीठ बोनसचे आणि अटींचे कोष्टक प्रसिद्ध करते, आणि ती कोष्टके बदलत असतात. नातेवाइकांच्या मुलाने चार वर्षांपूर्वी काय केले, यावर विसंबू नये. त्या वर्षीचे कोष्टक पाहावे.

९. स्वाध्याय

शिक्षकाचा लेख स्वाध्यायाशिवाय कसा संपणार? हे उदाहरण मुलांबरोबर बसून सोडवावे.

एका मुलाचे हिब्रू ८०, साहित्य ८०, इतिहास ८५, नागरिकशास्त्र ८५. सर्व २ युनिटांचे. गणित ४ युनिट, ८५. तनाख ५ युनिट, ८०, बोनस २५. इंग्रजी ४ युनिटांचे घेतले तर ९२ मिळतील, ५ युनिटांचे घेतले तर ७८. कोणते घ्यावे?

उत्तर: ४ युनिटांत बोनससह १०४.५, आणि ५ युनिटांत १०३. वरवर पाहता ४ युनिट बरे वाटतात. पण पूर्ण सरासरी काढली तर ४ युनिटांची ९४.९ येते आणि ५ युनिटांची ९५. म्हणजे जवळजवळ बरोबरी, कारण १०३ हा आकडा मुलाच्या बाकीच्या सरासरीपेक्षा वर आहे आणि तो पाच वेळा मोजला जातो. गुणांची बरोबरी असेल तेव्हा काय पाहावे? ज्ञान कुठे जास्त मिळते ते. इंग्रजी जन्मभर कामी येते, तेव्हा या मुलाने ५ युनिट घ्यावे.

वाचकहो, सगळ्या हिशेबाचे सार एवढेच की सोप्यातले मोठे गुण आणि कठीणातला मोठा मान, या दोन्हींच्या मागे डोळे मिटून जाऊ नये. मुलाने प्रामाणिकपणे अभ्यास करून, झोप आणि हसू न गमावता, जिथे सीमारेषेच्या वर राहता येते, ती सर्वांत वरची पायरी त्याची. ती शोधायला आईबापांनी त्याच्या शेजारी बसावे. आणि बगरूतचे प्रमाणपत्र हाती आले की एलियाहू हन्नाबीचा मालिदा करायला विसरू नये. परीक्षा तीन युनिटांची असो वा पाच, मालिद्याची गोडी तीच असते.

परमेश्वर आपल्या मुलांच्या कष्टांना यश देवो. आमेन.